पिकअपमधली दुसरी सीट

नर्सरीवाल्याने मोठी गाडी देऊन पिकअप आणली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तिची चाकं पाहिली, हौदा पाहिला, कुणी उगाच टायरला लाथ मारून पाहिली. त्याच्या बायकोनं मात्र काचेतून डोकावून आधी सीटा पाहिल्या. दोनच होत्या. एक चालवणाऱ्याची. दुसरी कुणाची, हे विचारायची वेळच आली नाही. सासूबाईंनी एक रिकामी कुंडी आणून दारापाशी उपडी घातली, तिच्यावर पाय दिला आणि 'हुश्श' करून त्या आत बसल्यासुद्धा.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर तिनं तो दिसू दिला नाही. "छान दिसताय हो आई," एवढं म्हणून ती रोपांना पाणी घालायला निघून गेली. त्या दिवशी रोपांना जरा जास्तच पाणी मिळालं.

तसं गाडी बदलण्याला तिची ना नव्हती. धंदा झाडांचा आणि गाडी साहेबाची, हे किती दिवस चालणार? मागच्या सीटा आडव्या पाडायच्या, त्यांवर गोणपाट अंथरायचं, गोणपाटावर कुंड्या आणि कुंड्यांच्या फटीत खताच्या पिशव्या. झाड उंच असलं की त्याचा शेंडा खिडकीबाहेर. एका लिंबाच्या काट्यांनी छताचं कापड टराटरा फाडलं. शेवटी एकदा गाडी धुणारा बादली खाली ठेवून म्हणाला, "साहेब, आत गांडूळ आहे." नर्सरीवाला काही बोलला नाही. तो एरवीही काही बोलत नसे. आठवड्याभरात मोठी गाडी गेली आणि तिच्या जागी ही जुनी, बुटकी, डिझेलची पिकअप आली. तिचं इंजिन सुरू झालं की शेजारच्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरत.

बायकोचा हिशोब वेगळाच होता. मोठी गाडी होती तोवर पुढची सीट कायम सासूबाईंची. "मागे बसलं की मला गाडी लागते," असं त्या म्हणत, आणि त्यावर बोलणार कोण? सून मागे. आधी मांडीवर मुलगी, मग शेजारी मुलगी, मग मुलगी शिकायला दुसरीकडे गेल्यावर शेजारी खताच्या पिशव्या. नवऱ्याची मान, डोक्यामागचा भोवरा आणि कॉलरची शिवण हे तिला तोंडपाठ झालं होतं. पिकअपचं नाव निघालं तेव्हा तिला वाटलं, गाडीची पायरी उंच, सासूबाईंचे गुडघे दुखरे, त्या आपणहून घरी बसतील आणि मी पुढे जाईन. त्या कुंडीनं सगळ्यावर पाणी फिरवलं.

नर्सरीत येणारी गिऱ्हाइकं तिला 'मालकीणबाई' म्हणत. माती चाळणं, पिशव्या भरणं, कलमं बांधणं, पाइप ओढत फिरणं, हे सगळं मालकीणबाईंकडे. झाडं पोचवायला जायचं ते मायलेकांनी. मागच्या छोट्या काचेतून झाडं कलली का, यावर लक्ष ठेवायला म्हणे कुणीतरी लागतं. सासूबाई लक्ष ठेवत.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण एक दिवस पिकअप फाटकातून आत आली आणि नर्सरीवाला हसत होता. नुसता ओठातल्या ओठात नव्हे, दात दिसेपर्यंत. तोंड उघडंच होतं, हात हवेत होता, म्हणजे काहीतरी सांगता सांगता तो आत आला होता. सासूबाई मान डोलवत होत्या. इंजिन बंद झालं आणि त्याचं तोंडही बंद झालं.

"काय हो, एवढं काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठे काय," तो म्हणाला आणि रिकाम्या कुंड्या उतरवायला लागला.

'कुठे काय.' सोळा-सतरा वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिनं इतके ऐकले होते की त्यांची माळ ओवली असती तर गल्लीच्या टोकापर्यंत गेली असती. हा माणूस घुमा आहे, स्वभावाला औषध नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. घुमा नवरा पत्करता येतो. पण एकीशी बोलणारा आणि दुसरीशी घुमा? गाडीत न बसताच तिला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही गाडी लागते.

समोरची शिंपीण खिडकीतून सगळं बघायचीच. तिनं आगीत तेल ओतलं. "रोज बोलत येतात गं. मी बघते ना. सवत परवडली, निदान झिंज्या तरी उपटता येतात. सासूचं काय करशील?"

मालकीणबाईनं शेवटी एक दिवस हट्टच धरला. लांबच्या एका बंगल्याचं काम होतं, उंच झाडं होती. "मी हौद्यात बसते, झाडं धरून," ती म्हणाली. नवरा म्हणाला, धूळ लागेल. ती म्हणाली, लागू दे. डोक्याला ओढणी गुंडाळून ती कुंड्यांच्या मधोमध बसली आणि निघाल्या निघाल्या त्या छोट्या काचेला तिनं नाक लावलं.

आवाज काहीच येत नव्हता, पण दिसत सगळं होतं. तिचा नवरा बोलत होता. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं कुणाची तरी नक्कल करत होता. मध्येच गंभीर झाला, मान हलवली, कपाळ चोळलं, पुन्हा सुरू. त्याच्या गालावर बोलताना एक खळी पडत होती. इतक्या वर्षांत ती खळी तिनं पाहिलीच नव्हती. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या, मध्येमध्ये 'हं' म्हटल्यासारखी हनुवटी हलत होती. मागे हौद्यात त्याची बायको धूळ खात, झाडाची फांदी तोंडावर आपटून घेत बसली होती. इतका राग तिला कधी आला नव्हता. तो नवऱ्याचा होता की सासूचा की त्या खळीचा, तेही तिला कळेना.

बंगल्यावर नवरा खड्ड्यांकडे गेला तशी तिनं सासूबाईंना गाठलंच.

"आई, एक विचारू? काय बोलता एवढं तुम्ही दोघं?"

"काय?" सासूबाई म्हणाल्या. मग हातातल्या चष्म्याच्या डबीतून त्यांनी कानाचं मशीन काढलं, नीट फुंकलं, कानात बसवलं. "हं, आता बोल."

सून त्या डबीकडे बघत राहिली. "मशीन तुम्ही गाडीत काढून ठेवता?"

"मग काय करू? त्या पिकअपची घरघर मशीनमधून अशी घुसते, डोकं फुटायची वेळ येते. बसल्या बसल्या काढते, उतरले की घालते."

"आणि मग हे बोलतात ते?"

"मला काय माहीत काय बोलतो ते! तोंड हलतं, मी हं म्हणते. मोठ्या गाडीत मशीन असायचं माझ्या कानात. तेव्हा बोलायचा का एक शब्द? मध्ये एकदा मशीन घालून बसले, म्हटलं बघू तरी काय बोलतो. त्यानं कानाकडे पाहिलं आणि घरापर्यंत गप्प." सासूबाई जरा थांबल्या. "ज्याला ऐकू येतं त्याच्याशी तो बोलत नाही गं. लहानपणापासून. मी मेली बहिरी झाले तेव्हा कुठे माझा नंबर लागला."

जिच्यावर आपण इतके दिवस जळलो, तिच्या पदरात एक शब्दही पडला नव्हता, हे कळल्यावर खरं तर सुनेचा जळफळाट थांबायला हवा होता. थांबला नाही. ऐकू न येता का होईना, ते सगळं सांगितलं हिलाच जात होतं. आपण दोन्ही कान शाबूत घेऊन घरात बसलो होतो.

"बसायचंय का तुला पुढे?" सासूबाईंनी एकदम विचारलं. "बस. मला काय, त्याचं तोंड हललेलं दिसायचं, बरं वाटायचं. पण ऐकू येतंय असं दाखवलंस की संपलं, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे अचानक दुखायला लागले. मालकीणबाई कुंडी न घेताच टुणकन चढून पुढच्या सीटवर बसली. कानात कापसाचे बोळे होते. "ही घरघर मला सहन होत नाही," ती मोठ्यानं म्हणाली, बहिरं माणूस बोलतं तशी. बोळे तिनं इतके विरळ पिंजून घातले होते की त्यातून मुंगीही आरपार गेली असती.

फाटकाबाहेर पडल्यावर त्यानं दोनदा तिच्या कानांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुझ्या बाजूचं दार नीट लागलं नाहीये."

दाराकडे जाणारा हात आवरताना तिला घाम फुटला. ती समोर बघत राहिली. दार लागलेलंच होतं. घुमा माणूस लबाडही असतो, हे तिला तेव्हा कळलं.

मग तो सुरू झाला. आधी गिऱ्हाइकांची उणीदुणी. मग एकदम मोठ्या गाडीचं काढलं. ती त्याला एका चौकात दिसली होती. दुसराच कुणीतरी चालवत होता, मागच्या सीटवर कुत्रा ऐटीत बसला होता, छताला नवं कापड. "मी गेलो मागे मागे. झाडं भरलेली, ऊन तापलेलं, आणि मी त्या कुत्र्याच्या मागे. असा जळलो ना मी त्या माणसावर!" त्या दिवशी गुलाब कोमेजून पोचले होते आणि त्यानं दोष पाणी घालायच्या पाइपला दिला होता, ते तिला आठवलं. तिला हसू आवरेना. तिनं खोकल्याचं सोंग केलं आणि म्हणाली, "हं?"

"काही नाही," तो खुशीत म्हणाला आणि पुढे बोलत राहिला.

त्यानंतर ती रोज जायला लागली. मुलगी घरी आली की तिच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही, म्हणून तो उगाच कुंड्या इकडच्या तिकडे करतो. खड्डा खणताना हल्ली त्याची कंबर धरते, पण कुणाला सांगायचं नाही. पिकअप त्याला आवडत नाही, पण तिच्यात बसलं की मोकळं वाटतं. सगळं तिला कळलं. योग्य जागा बघून ती 'हं' म्हणायची, आणि तो खूश व्हायचा.

आणि घरी आलं, बोळे काढले, की 'कुठे काय.'

हळूहळू तिचा तो जुना विकार पुन्हा उसळला. या खेपेला सासू नव्हती, सवत नव्हती. पुढच्या सीटवर जी बहिरी बाई बसायची, तिचा तिला हेवा वाटायला लागला. ती बाई नशीबवान. तिला खळी दिसायची. तिला सगळं सांगितलं जायचं. आणि घरात भाजी चिरणारी, मळके कपडे धुणारी, खरी बायको? तिच्या वाट्याला पाठ. स्वतःवरच जळणारी बाई जगात आपण एकटीच असू, असं तिला वाटायचं, आणि हे शिंपिणीलाही सांगायची सोय नव्हती.

मग तो दिवस आला. साधाच होता. हौद्यात गुलाबाची रोपं होती, रस्ता खराब होता. तो बोलत होता आणि तिचं लक्ष मागे राहिलेल्या नळात अडकलं होतं. बंद केला की नाही? तोंडानं सवयीचं 'हं' चालू होतं.

"हिच्या वडलांना नर्सरी आवडली, म्हणून आमचं जमलं," तो समोर बघत, ती तिथं नसल्यासारखा म्हणत होता. "हिला काही मी आवडलो नव्हतो. अजूनही नसेन आवडत."

"हं," ती म्हणाली.

म्हणून गेली, आणि मग तिला ऐकू आलं. त्याचंही आणि स्वतःचंही. त्यानं मान हलवली. खूप दिवसांपासून ठाऊक असलेली गोष्ट कुणीतरी पक्की करावी तशी, जरासुद्धा न रागावता. मग त्यानं गिअर बदलला.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं, तर ऐकू येतं हे उघड होणार आणि त्याचं तोंड कायमचं मिटणार. गप्प बसावं, तर ते 'हं' जन्मभर त्याच्याजवळ राहणार. जो माणूस आवडत नाही त्याच्यापायी कुणी आपल्याच सासूवर जळत नाही, हौद्यात बसून धूळ खात नाही, कानात खोटे बोळे घालत नाही. पण हे त्याला कोण सांगणार? सांगायला ती एकटीच होती.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

"काय झालं? मळमळतंय?"

"घ्या म्हणते ना. आणि इंजिन बंद करा."

त्यानं पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. घरघर थांबली. इतकी शांतता झाली की मागे एका रोपाची पिशवी कलंडल्याचाही आवाज आला. तिनं दोन्ही कानांतला कापूस काढून त्याच्यासमोर धरला.

"मला ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून. सगळं."

तो कापसाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले, मग मानही. हात स्टिअरिंगवरच होते. आता हा किल्ली फिरवेल, घरी जाईल आणि यापुढे त्या सीटवर कुणी का बसेना, हा बोलणार नाही, असं तिला वाटलं. तिला रडू फुटणारच होतं.

नर्सरीवाला किल्लीला हात न लावता तिच्याकडे वळला.

"मग आत्ता 'हं' का म्हणालीस?"