आधी स्वतः चाखणारा

सांगलीत मी जनावरांच्या औषधांच्या दुकानात बसतो. तिथं एक मेंढपाळ मामा येतात. नाव कधी विचारलं नाही. कुठलंही तोंडावाटे द्यायचं औषध ते आधी स्वतःच्या जिभेवर घेतात. ‘मुक्या जिवाला न चाखल्यालं देत न्हाई आपण.’

मध्यंतरी त्यांच्या कुत्रीचे केस झडले, अंगभर कोंडा झाला. खरूज समजून घरची माणसं तिला सोडून द्या म्हणत होती. डॉक्टरांनी तपासलं, कातडी नुसती कोरडी पडली होती. त्यांनी माशाच्या तेलाचं औषध लिहून दिलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! फॅटी ॲसिड म्हणजे काय, ते छाती फुगवून समजावलं.

‘ते ऱ्हाऊ द्या, सायेब. केस येत्यात का?’

‘येतील. ही बाटली दोन महिने पुरवून रोज खाण्यात घाला.’

मामांनी थेंब चाखला आणि तोंड वाकडं केलं.

काल ते रस्त्यावरूनच ओरडले, ‘आवं सायेब, बघा की!’ मी गल्ला सोडून धावलो. कुत्री काळीभोर, नुसती लकाकत होती!

‘आता सोड म्हणायची कुणाची छाती हाय? दुसरी बाटली द्या.’

‘मामा, पंधरा दिवस आधीच संपली?’

‘रोज आधी मी, मग ती.’

मी त्यांच्या मिशीकडं बघितलं. तीही लय लकाकत होती.