थांबा, आता हसायचंय

"थांबा. आता हसायचंय," असं म्हणत ते बोट वर करायचे आणि सिनेमा जागच्या जागी थांबवायचे. मग पुढे येणारा विनोद नीट समजावून सांगायचे. तो संपला की सिनेमा चालू. आता तुम्हीच सांगा, कोण हसणार?

धायरीतल्या एका सोसायटीत मी या गृहस्थांकडे नऊ वर्षं पोळ्या केल्या. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली. वेड एकच, अमेरिकेतला कुणी जुना दिग्दर्शक. त्याच्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत दर वेळी कुणीतरी मेलेलं असायचं आणि मागे राहिलेले लोक नाटकं करत असायचे. ते सिनेमे हे दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचे. आधी वीसेक माणसं होती, मग चार. पोहे ठेवले तेव्हा पुन्हा वीस झाली. पोहे खाऊन उठून गेली. पोहे मीच करायचे, म्हणून मला ठाऊक.

"लोकांना विनोद कळत नाही हो, बाई."

"कळतो. तुम्ही कळू देत नाही."

"आणि नाही समजला तर?"

"तर नाही हसणार. तुमचं काय जातंय?"

ते म्हणाले, "एक माणूस, बाई. आपणहून, बरोबर जागी, माझ्याबरोबर हसणारा एक माणूस मिळाला तरी पुरे."

म्हातारपणी माणसं नातवंडं मागतात. यांना हे हवं होतं.

पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून बजावलं. हॉल बंद, सिनेमा घरातच. कणीक भिजवून मी जरा टेकले होते. पडद्यावर नवऱ्याच्या प्रेतयात्रेला निघालेली एक बाई डोळ्याला रुमाल लावून रडत होती. दारापाशी आरसा दिसला तशी थांबली. टोपी जराशी तिरकी केली. आवडली नाही, पुन्हा सरळ केली. मग रुमाल परत डोळ्याला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या. नटी म्हणावी तर अशी.

मला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण मी मोठ्यानं हसले. दिरांना न्यायच्या वेळी आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पदराचं हेच केलं होतं. त्या दिग्दर्शकानं आमच्या जाऊबाई कुठे पाहिल्या, देव जाणे.

ते वळले. बोट वर गेलं. म्हटलं, झालं आता. पण बोट खाली आलं आणि ते हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग तोच तुकडा पुन्हा लावून माझ्याकडे बघत बसले. दुसऱ्यांदा मी हसले नाही. सांगून हसायला मी काय नोकर आहे?

महिन्यानं आवाज परत आला. बोटही परत आलं. काही माणसं शिकतच नाहीत.

गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. पोहेवाली सगळी मंडळी आली. मी लिफ्टनं वर जात होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आत आल्या, पांढरी साडी, हातात रुमाल. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यांनी पदर नीट केला. आवडला नाही, पुन्हा केला. मग रुमाल डोळ्याला.

मी फसकन हसले.

"मावशी, हसताय काय?"

माझं बोट वर गेलं होतं. खाली घेतलं. समजावून सांगितलं नाही.