दिवा नव्हे, दोस्त! एका चिजेच्या मागावर मंगळवेढा आणि अक्कलकोट

आठ वर्षं मी एक बंदिश ठणकावून चुकीची गात होते, हे मला माझ्याच क्लासमधल्या मुलीनं सांगितलं. पूरियाधनाश्रीतली चीज, 'बारो दियरा, साँझ भई'. दिवा लाव, संध्याकाळ झाली. माझ्या वहीत वर लिहिलेलं, 'पारंपरिक'.

"बाई, पारंपरिक कसली? आमच्या मंगळवेढ्याच्या मास्तरांची आहे ती," मूळची सोलापूरची ती मुलगी म्हणाली. "आणि त्यात दिवाबिवा काही नाही."

बंदिशकार हयात! आणि माझा कार्यक्रम पंधरा दिवसांवर! ती चीज आता त्यांचं नाव सांगूनच गायची, त्यासाठी त्यांची परवानगी घ्यायची, असं ठरवून मी शनिवारी सकाळच्या गाडीनं पुणं सोडलं.

सोलापूर स्टेशनहून रिक्षानं एसटी स्टँड, तिथून मंगळवेढ्याची गाडी. दीडेक तास लागतो आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेल्या पैशांची शेंगाचटणी घ्यावी. मी अर्धा किलो घेतली आणि बसमध्येच फोडली. थंडीत जाणार असाल तर खिडकी सोडू नका, दोन्ही बाजूंना काळ्या रानात शाळू ज्वारी उभी असते.

मास्तर ऐंशीच्या पुढचे, काटकुळे आणि डोळे लख्ख. जन्मभर शाळेत संगीत शिकवलं, बदल्या सगळ्या कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावांत. उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर चिजा लिहायच्या आणि मागेल त्याला देऊन टाकायच्या, एवढीच त्यांची कारकीर्द. सुनेनं कडक भाकरी आणि दही वाढलं, तोवर त्यांनी दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा सोडला. मी अधाशासारखी पानं उलटत गेले. आणि सापडली की!

'बारो गेळेया, साँझ भई.'

"कन्नड हाय ते," मास्तर म्हणाले. "बारो म्हंजे ये. गेळेया म्हंजे दोस्ता. चीज नेली रेडिओवाल्यांनी, त्यांना शब्द कळला न्हाई, त्यांनी दिवा लावला!"

दोस्त म्हणजे अक्कलकोटचे अण्णा, त्यांचे तबलजी. एकदा भर बैठकीत मास्तरांना वाटलं, लय सुटली. गाता गाता त्यांनी अण्णांना हातानं ताल दाखवला. गाणं न कळणाऱ्यांना यात काय एवढं वाटेल, पण साथीदाराचा चारचौघांत याहून मोठा अपमान नाही. अण्णांनी तबला पिशवीत घातला आणि उठून गेले, ते कायमचेच.

"चूक माझीच हुती. माफी मागायला तोंड न्हवतं, म्हणून चीज बांधली. लई जण गायले, पर त्याला कळलीच न्हाई."

मी परवानगीचा विषय काढला तर मास्तरांनी मान हलवली. "गा की खुशाल. पर माजं नाव नको. निरोपच पोचला न्हाई, तर खाली सही कशाला?"

मी तिथल्या तिथे ठरवलं, निरोप मीच पोचवणार.

रविवारी सोलापूरहून अक्कलकोट, एसटीनं तासाभराचं अंतर. सुट्टीच्या दिवशी भक्तांची ही गर्दी असते, सकाळी लवकर निघा. विचारत विचारत पोचले, तर देवळामागच्या एका बोळात अण्णा हातोडीनं तबला मिळवत बसले होते. मी माझं नाव सांगितलं, तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि भर सकाळी अकराला पूरियाधनाश्री सुरू केला. संध्याकाळचा राग! माझ्या गुरुजींनी कान उपटले असते.

'बारो गेळेया' म्हटलं आणि हातोडी थांबली.

"कुणी शिकिवलं हे?"

"मास्तरांनी. मूळ शब्द हेच आहेत."

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "रेडिओवर ऐकलतो की मी हे. दिवा लाव म्हणतोय, मला वाटलं. मी म्हटलं, तूच लाव की बाबा, मला काय सांगतोस!" हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "परत म्हणा."

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी ठेका धरला. लय सुईच्या टोकाइतकीही हलली नाही! मी आनंदानं तीच ओळ किती वेळा घेतली देव जाणे. तबला झाकून त्यांनी विचारलं, "मंगळवेढ्याची गाडी कितीला हाय?"

घरी येऊन चार दिवस झाले. शेंगाचटणी संपली, वहीतलं 'पारंपरिक' मी खोडलं. ती चीज मात्र आता सहज तोंडात येत नाही, पहिल्याच शब्दाला अण्णा समोर येतात आणि मी थांबते. कार्यक्रमात कसं व्हायचं, या काळजीत होते, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला.

"बाई, नाव लावा माजं. आन आता तुमीच गा ती. मी सकाळपास्नं गायला बसलोय, मला जमंना. बारो म्हणू तर कुणाला म्हणू? त्यो हितं फुड्यात बसून भाकरी खातोय."