सरकलेला बोया

खुणेवाला हे त्याचे नाव त्याच्या विद्येवरून पडले होते. किनाऱ्यावरचा दीपस्तंभ आणि टेकडीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आली, की होडीखाली कोणता खडक आहे हे तो बिनचूक सांगे. त्यातल्या एका खडकाभोवतीचा समुद्राचा पट्टा संरक्षित ठरला, तेव्हा खडकाच्या खोल समुद्राकडच्या कडेला हद्दीचा पिवळा तरंगता बोया त्यानेच खूण जुळवून बसवून दिला आणि पिढीजात चरितार्थाची ती जागा स्वहस्ते सोडली. "माशांचं माहेर आहे ते," तो म्हणे. "लेकुरवाळीच्या दारात जाळं टाकू नये."

एके सकाळी तळ खरवडणारी एक अवाढव्य नौका त्याच खडकावरून जाळे ओढत गेली. बोयाची साखळी तुटली आणि तो फरफटत किनाऱ्याच्या बाजूला मैलभर आत येऊन पडला. खुणेवाल्याने दुपारपर्यंत खपून तो मूळ जागी नेला, स्वतःचा नांगर लावून बांधला आणि तडक मत्स्य खात्याचे कार्यालय गाठले.

तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "आजोबा, आमच्या गस्तीने सकाळी पाहिलं. नौका बोयाच्या बाहेर होती."

"अहो, बोयाच आत ओढला होता तिनं! कुंपण उपटून शेतात टाकल्यावर गुरं बाहेरच दिसणार!"

"मग बोया आता कुठे आहे?"

"जागच्या जागी. मी ठेवला ना."

साहेबांची लेखणी थबकली. "तुम्ही हद्दीच्या खुणेला हात लावलात?"

"दोन्ही हात लावले! नांगरसुद्धा माझाच आहे, बघा जाऊन."

त्या प्रांजळ उद्गाराचाच कबुलीजबाब झाला. नियमानुसार त्याने हलवण्यापूर्वी बोया होता तिथे, म्हणजे मैलभर आत, परत न्यायचा. नेमकी जागा खुणेवाल्याने दाखवायची. अन्यथा होडीचा परवाना रद्द.

घरी जाळे सांधत बसलेली बायको कडाडली, "चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि तुम्हाला तरी फुशारकी मारायची काय गरज होती?"

"खरं तेच सांगितलं."

"मग आता दाखवा जागा. नाहीतर खायचं काय?"

ती जागा दाखवली, तर खडक कायमचा हद्दीबाहेर जाणार होता. भलतीच दाखवावी, तर आयुष्यात एकही खूण त्याने खोटी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने परवान्याचा कागद साहेबांच्या मेजावर ठेवला.

"हा घ्या. जागा तुमची तुम्ही शोधा."

बाहेर पडताना सवयीने त्याची नजर टाकीवरून दीपस्तंभाकडे गेली. त्या रेषेवर तीच नौका पुन्हा उभी होती.