दाराबाहेरची खुर्ची

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी सव्वीस वर्षे कागदपत्रे सांभाळली. लिहिणे म्हणजे फायलींवर नावे घालणे, एवढाच माझा अनुभव. पण बाईंबरोबर एका खोलीत, मधे लोखंडी कपाट ठेवून, इतकी वर्षे बसलेला मी एकटाच उरलो आहे. कपाटापलीकडचे बोलणे मला ऐकू यायचे, म्हणून हे लिहितो. कुठे चुकले तर दोष माझा.

बाई विभागातल्या सर्वांत जुन्या समाजसेविका. रुग्णाला घरी कसे न्यायचे, अपघातानंतर मुलगा कुणाशी बोलत नाही, म्हाताऱ्या बापाला कोण सांभाळणार, असे प्रश्न घेऊन सगळी माणसे त्यांच्या टेबलापाशी येत. शिवाय दरवर्षी तीन-चार शिकाऊ त्यांच्या हाताखाली असत. पुस्तके वाचून आलेली ही मंडळी पहिल्याच रडणाऱ्या माणसापुढे गार पडायची.

त्यांना तयार करायची बाईंची पद्धत एका खुर्चीवर चालायची. पहिले काही महिने बाईंची खुर्ची शिकाऊच्या अगदी शेजारी असे. काय बोलायचे, कुठे थांबायचे, सगळे आधी सांगून ठेवायच्या. "सध्या तुझी हुशारी घरी ठेव. मी सांगते तेवढंच बोल." पुढे खुर्ची मागे भिंतीशी जाई. त्या सुमाराला शिकाऊंना शिंगे फुटत. एकदा एक मुलगी तणतणत म्हणाली, "बाई, तुम्ही मागे बसून मान हलवता ना, त्यानं माझं लक्ष उडतं."

"मागेही डोळे आलेत की तुला! चांगलंय."

"मी चिडून बोलतेय, बाई."

"कळलं गं. चीड. याच महिन्यात चिडायचं असतं. गेल्या महिन्यात चिडली असतीस तर मला काळजी वाटली असती."

शेवटी खुर्ची दाराबाहेर. दार चार बोटे उघडे, बाई व्हरांड्यात, शिकाऊ आत एकटा. त्यानंतर बाई काही सांगत नसत. दर मंगळवारी शिकाऊबरोबर एक तास बसायच्या, तेव्हा एवढेच विचारायच्या, "आत काय झालं, तूच सांग." खुर्ची हलवायचे काम माझे होते. त्यामुळे शिकाऊ मलाच मस्का लावायचे. "मामा, आमची खुर्ची कधी हलणार?" जसे काही माझ्याच हातात होते.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षीच्या शिकाऊंत एक बेचाळीस वर्षांच्या होत्या. अठरा वर्षे शाळेत शिकवून, ती नोकरी सोडून आल्या होत्या. सगळे त्यांना मास्तरीण म्हणत, त्याही हसून ओ देत. शाळेतली जागा भरली गेली होती. एकदा मला म्हणाल्या, "मामा, इथे नापास झाले तर परत जायला दार नाही. नवरा तर वाटच बघतोय, 'सांगितलं होतं ना' म्हणायची." बोलणे इतके स्वच्छ की अर्ज कसा भरायचा, कुठल्या खिडकीवर जायचे, हे त्यांनी एकदा समजावले की माणूस परत विचारायला येत नसे.

पण तिसऱ्या आठवड्यातच बाईंनी त्यांना सांगितले होते, "अर्ज आणि नियमांत तू मुरलेली आहेस. समोरचा गप्प झाला की मात्र तुझा पहिला दिवस असतो. एकाच माणसात दोन्ही असतं. खुर्ची मी त्या गप्प बसण्यावरून हलवते."

"वर्गात मी गप्प बसले की मुलं दंगा करायची, बाई."

"इथेही करू दे की दंगा. बरंच आहे."

हिवाळा सरताना बाईंची थोरली बहीण आमच्याच पाच नंबरच्या वॉर्डात वारली. आई लवकर गेल्यामुळे तिनेच बाईंना वाढवले होते. चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. डोळे कोरडे. ताईच्या वस्तू न्यायला भाचा आला, तेव्हा चष्मा, चपला आणि स्वेटर पिशवीत घालून तयार होते. बाईंनी पावती पुढे केली.

"मावशी, माझी सही कशाला?"

"वस्तू दिल्या की सही घेतात."

त्याने सही केली. बाईंनी पावती मला दिली, मी ती फायलीला लावली. आम्हा दोघांनाही त्यात काही विचित्र वाटले नाही. मला वाटायला हवे होते.

पुढच्या सोमवारी बाई म्हणाल्या, "मास्तरणीची खुर्ची बाहेर काढा."

"बाहेर? बाई, भिंतीशी येऊनही अजून पंधरा दिवस..."

"काढा."

मी काढली. मास्तरीणबाई हरखून गेल्या. इतक्या लवकर कुणाची खुर्ची बाहेर गेली नव्हती.

तीन आठवड्यांनी एक सुतार आला. त्याच्या बायकोवर आता उपचार उरले नव्हते. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले होते. हे त्याच्याशी नीट बोलायचे काम मास्तरीणबाईंकडे आले. मी कपाटापलीकडे होतो. त्या उत्तम बोलल्या. कूस किती वेळाने बदलायची, पलंगाची उंची, औषधांच्या वेळा, फोन कुणाला करायचा. सुतार मधे मधे "हो" म्हणत होता. एकदा त्याने विचारले, "म्हणजे पलंग किती दिवस लागेल?" आणि थांबला. मास्तरीणबाईंनी लगेच पलंग भाड्याने कुठे मिळतो ते सांगितले. शेवटी विचारले, "समजलं ना?" तो म्हणाला, "समजलं." बाई बाहेर खुर्चीत होत्या. उठल्या नाहीत.

अकराव्या दिवशी सुतार मेव्हण्याला घेऊन आला. बायको आदल्या आठवड्यात गेली होती. ती हिंडूफिरू लागेल तेव्हा आपल्याला घरी राहता यावे, म्हणून तो हातातले काम उरकायला त्या सकाळी कारखान्यात गेला होता. घरी फक्त शेजारीण होती. मेव्हणा ओरडत होता, सुतार नाही. तो मास्तरीणबाईंना म्हणाला, "तुम्ही मला सगळं लिहून दिलंत. हे एक का नाही सांगितलं?"

मेव्हण्याने तक्रार लिहून दिली. मास्तरीणबाईंना काढून टाकायचे की ठेवायचे, हे ठरवायला तिघांची समिती बसणार होती. बाईंचा अहवाल आधी हवा होता.

मंगळवारचा तास चुकला नाही. मास्तरीणबाई बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तेवढा वेळ गप्प बसलेल्या मी त्यांना प्रथमच पाहिले.

"त्यानं पलंगाचं विचारलं, तेव्हा दुसरंच विचारत होता," त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं, बाई. ते टाळायला मी पलंगावरच बोलत सुटले."

"हं."

"तुम्ही दाराशी होतात."

"होते."

"ऐकलंत?"

"आवाज येत होता."

"मग आत का नाही आलात? एरवी मी साधा 'पण' चुकीच्या जागी म्हटला तरी खाकरायचात!"

बाईंनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. "ताई गेल्यापासून असंच चाललंय. आत कुणी रडतं, आणि मला शेजारच्या घरात नळ वाहत असल्यासारखं वाटतं. कुणीतरी बंद करेल, असं."

"मग खुर्ची... मी तयार होते म्हणून नाही काढलीत?"

"नाही. तू तयार नव्हतीस. मला आत बसवत नव्हतं."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आणि मी घरी मिरवलं हो. नवऱ्याला म्हटलं, बघा, वर्षात पहिली."

बाई म्हणाल्या, "हे सगळं मी अहवालात लिहिणार आहे."

त्यांनी लिहिले. पाऊण पान. विभागप्रमुख डॉक्टर ते घेऊन स्वतः आमच्या खोलीत आले. माणूस भला होता.

"बाई, हे एक वाक्य काढा. 'मी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते' हे. शिकाऊची चूक आहे, ती जाईल. तुमची तीस वर्षं कशाला पणाला लावता?"

"गप्प बसण्यात ती अजून पहिल्या पायरीवर होती. पहिल्या पायरीवरच्या माणसाची चूक त्याची नसते, शेजारी बसणाऱ्याची असते. दरवर्षी हेच शिकवते मी."

"हे गेलं तर तुम्हाला पुन्हा शिकाऊ देता येणार नाहीत."

"देऊ नका."

"अहो, वाईट वाटत नाही तुम्हाला?"

बाईंनी खरोखर विचार केला. "वाटायला हवं, हे कळतं. वाटत नाही. म्हणून तर देऊ नका म्हणते."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी फायलीत मान घातली. सुताराचा आवाज मीही ऐकला होता, आणि मलाही कुणी काही विचारले नाही.

समितीचे पत्र आठ दिवसांनी आले. मास्तरीणबाईंना काढले नाही. सहा महिने वाढवून दुसऱ्या एका बाईंच्या हाताखाली दिले, आणि सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बाईंकडचे शिकाऊ काढून घेतले. आठवड्यातून एक तास त्यांनी स्वतःच कुणाजवळ तरी बसून बोलावे, असेही त्यात होते. त्यासाठी आमच्या बाईंना ज्यांच्याकडे पाठवले, त्या एकेकाळी त्यांच्याच शिकाऊ होत्या.

मास्तरीणबाई पत्र दाखवायला आल्या. "मी राहिले. तुमचं मात्र गेलं. मला हायसं वाटतंय, आणि तसं वाटल्याची लाज वाटतेय."

"दोन्ही वाटतंय ना? मग नव्या बाईंना दोन्ही सांग. सुताराकडे जाणार आहेस?"

"त्या येताहेत बरोबर. शुक्रवारी. तो दार उघडेल की नाही कोण जाणे."

"नाही उघडलं तर तेही होऊ दे. पलंगाबद्दल बोलू नकोस."

"नाही बोलणार." त्या जरा घुटमळल्या. "येऊ मी?"

"ये."

त्या गेल्या. बाईंनी पत्र माझ्याकडे लावायला दिले. आज तारीख काय, म्हणून विचारले. मी सांगितली. ती त्यांनी समोरच्या अर्जावर लिहिली आणि बाकावरच्या बाईला म्हणाल्या, "या, बसा. सावकाश सांगा."

ती बाई बराच वेळ काहीच बोलली नाही. बाईही बोलल्या नाहीत.