तळं उपसलं त्या उन्हाळ्यातली मालती

माझ्या बायकोच्या गप्प बसण्यामुळं एका गावाच्या म्हशी मेल्या.

मालती काल गेली. सकाळपासून फोन चालू आहेत. मॅडम ग्रेट होत्या, मॅडम देवमाणूस होत्या.
होती की. पण तिनंच मला बजावून ठेवलं होतं, "नुसतं गोड गोड लिहिलंत तर बघा."

म्हणून हे लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ती कॉलेजात झूलॉजी शिकवायची. कळंब्याच्या पुढं एका गावात म्हशींना लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातल्या जंतांचा रोग, व्हायचा. जबड्याखाली सूज, दूध बंद, मग म्हैसच आडवी.

रोग पसरायचा तळ्यातल्या पातळ कवचाच्या गोगलगायींमुळं. त्यांना मारायला तळ्यात औषध टाकावं तर मासे मरणार.
मालतीनं दुसऱ्याच जातीच्या, टोकदार कवचाच्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांच्यात हा रोग वाढत नाही. खाणं आणि जागा बळकावून त्या पहिल्यांना हुसकावतात.

बादल्या माझ्या स्कूटरवरून जायच्या. मंगळवार पेठेतले शेजारी विचारायचे, "काय ओ, खेकडं हाईत व्हय?"

आणि जमलं! म्हशी ठणठणीत.

गावानं सत्कार ठरवला. बाईंच्या मानासाठी भर उन्हाळ्यात श्रमदान करून तळं तळापर्यंत उपसलं. गाळ रानात नेऊन टाकला.

मालतीच्या गोगलगायी त्या गाळातच राहायच्या.
हे तिनं गावाला सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं तिला वाटलं होतं.

सत्काराला जाताना रस्त्याकडेच्या रानात गाळाचे ढीग दिसले. तिनं स्कूटर थांबवायला लावली. ओल्या गाळात तिच्या गोगलगायी अजून जिवंत होत्या.

पुढं हलगी वाजत होती. हार, शाल, नारळ.
सरपंच म्हणाले, "बाईस्नी दावायला तळं कसं लख्ख केलंय बगा!"

ती हसली. भाषणही केलं. गाळाबद्दल अवाक्षर नाही.

परतताना म्हणाली, "एवढ्या टाळ्यांत कसं सांगू हो?"

पावसात काठच्या गवतातून जुन्या, पातळ कवचाच्या गोगलगायी परत आल्या. हिवाळ्यात म्हशी पडायला लागल्या. अक्काताई नावाच्या बाईंचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं. ती म्हैसही गेली.

तेव्हा मालती गावात गेली. चावडीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अक्काताई तेवढ्या बोलल्या.
"आवो बाई, तवाच बोलला असता तर पाट्या भरभरून गाळ परत टाकला असता की आमी. रानातच पडलावता."

मालतीच्या शेजारी उभं राहून मला मान वर करवेना.

पुन्हा बादल्या नेल्या. तळं सुधारलं. अक्काताईंची म्हैस काही परत आली नाही, आणि मालतीची लाजही कधी गेली नाही.

मालती, आता ती लाज इथं माझ्यापाशी ठेव.
मोकळी होऊन जा. तुला शेवटचा नमस्कार.