डिस्पोजलच्या गाडीचे चार दिवे

धर्मपालने वरुडच्या मोटार स्टँडसमोर दुकान टाकलं त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत एकाही गाडीवाल्याने तिथे गाडी उभी केली नव्हती. सायकलींचे डायनामो आले, बंद पडलेल्या टॉर्च आल्या. पण ज्यासाठी पाटी रंगवली होती, ते मोटारीच्या दिव्यांचं आणि बॅटरीचं काम जायचं परतवाड्याला. रस्ता ओलांडला की धर्मपालचं दुकान; पण लोक पन्नास मैल डिझेल जाळत जायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धर्मपाल हा मनकर्णाचा मुलगा, आणि मनकर्णा म्हणजे शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांत निंदण करून जगलेली बाई. पोरगा लष्करात गेला, जबलपूरकडे वर्कशॉपात नऊ वर्षं ट्रकांच्या तारा जोडत राहिला. छप्पन्न साली रजा काढून आला, आईला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेतली. सैन्यातून सुटल्यावर कोणी म्हणालं, अमरावतीला जा, तिथे कोण कोणाचा हे कोणी विचारत नाही. तो म्हणाला, "मी काहून जाऊ? ज्यायले इचाराचं हाय त्यायनं जावं." असा त्याचा स्वभाव. सरळ बोलायचा आणि त्याची किंमतही मोजायचा.

एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर मात्र पंजाबराव पाटलांची गाडी त्याच्या दारात आली. पाटलांची संत्र्याची मोठी बाग होती आणि लढाईनंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांच्या, म्हणजे डिस्पोजलच्या, लिलावात घेतलेली एक पिकअप होती. गाडीवर त्यांचा भारी जीव. दर दसऱ्याला तिची पूजा, हार, दोन-चार वर्षांनी नवा रंग, सगळं यथासांग व्हायचं. फक्त दिव्यांकडे कोणी पाहिलं नव्हतं. ते दिवे असे, की समोर बैल उभा असला तर गाडी बैलाला आधी दिसावी. म्हणून ड्रायव्हर चंद्रभान अंधारात गाडी काढायला तयार नसे. उजाडल्यावर निघायचं, तर अमरावतीचा संत्र्यांचा सकाळचा लिलाव हातचा जायचा. परतवाड्याच्या मिस्त्रीने महिनाभराचा वायदा दिला, आणि आंबिया बहाराची संत्री तर झाडावर पिवळी होऊन बसलेली. पाटलांचा नाइलाज झाला, तेव्हा त्यांना रस्त्यापलीकडची पाटी दिसली.

त्या रात्री धर्मपाल आईला म्हणाला, "बाई, हे दिवे लागले तं दुकान चालते. नाई लागले तं त्या दिसापासून मी कुदळ धरतो."

मनकर्णाने त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

त्याने तीन दिवस काम केलं. अमरावतीहून दिव्यांच्या आतले नवे आरसे आणि काचा आणल्या, केसासारख्या बारीक जुन्या तारा उपटून जाड तारा ओढल्या. बंपरवर दोन जादा दिवे बसवले, त्यातला एक खास रस्त्याच्या कडेवर पडेल असा. खड्ड्यांत थरथरू नयेत म्हणून त्यांच्याखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं. बॅटरीतून निघालेली वीज तारेतून दिव्यात येते आणि गाडीच्या लोखंडातून परत जाते. म्हणून परतीची तार जिथे लोखंडाला टेकते तिथे धातू उघडा लागतो. चारही दिव्यांच्या परतीच्या तारा त्याने मडगार्डवरच्या एका बोल्टला आणल्या. तिथला रंग कानशीने घासला. निळा निघाला, त्याखाली लाल निघाला, त्याखाली पांढरं चकचकीत लागलं. त्याने नट आवळला.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला गाडी संत्र्यांनी भरून तयार होती. स्टँडवरची सगळी रिकामटेकडी मंडळी जमली. चंद्रभानने नारळ आणि लिंबू-मिरची आणली होती.

"हा नारळ पहिले फोड अन् मंग बटन दाब," तो म्हणाला.

"मी नाई फोडत. तुमाले फोडाचा असंन तं रस्त्यानं फोडा. माह्या कामाले लिंबाचा जामीन नाई लागत."

पाटलांच्या कपाळावर आठी पडली. धर्मपालने बटण दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

त्याने पुन्हा दाबलं. तरी अंधारच. मागून कोणीतरी हसलं. चंद्रभान मोठ्याने म्हणाला, "म्या म्हनलं होतं ना पाटील! हात कोनाचा लागला ते बी पाहा लागते."

धर्मपालचे कान तापले. कोणाच्या तोंडी लागायच्या आधी काम, हे मात्र त्याच्या हाडात भिनलेलं होतं. बॅटरी पाहिली, बटण पाहिलं, प्रत्येक तार ओढून पाहिली. शेवटी तो मडगार्डवर वाकला आणि नटाशेजारचं ते चकचकीत पांढरं त्याने नखाने खरवडलं. नखात पांढरी भुकटी आली. लोखंड काही नखाने निघत नाही.

"पाटील, गाडीले चंदेरी रंग कोन्या साली देल्ला होता?"

"सत्तावनच्या दसऱ्याले," पाटील अभिमानाने म्हणाले. "नागपुरातून आनला होता. चांदीवानी दिसे गाडी."

धर्मपालने स्वतःच्या कपाळावर हात मारला. नऊ वर्षं लष्कराच्या हिरव्या गाड्या हाताळलेला माणूस पाटलांच्या हौसेने फसला होता. "चूक माही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या रंगाले लोखंड समजलो. आता खालपर्यंत घासतो."

"दसऱ्याच्या रंगाले हात नको लावू," पाटील गरजले. "तठी शेंदूर हाय."

"मंग दिवे काढून नेतो. गाडी राहू द्या रंगवलेली."

पाटलांनी भरलेल्या गाडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. धर्मपालने कानस चालवली. चंदेरी गेला, त्याखालचा पिवळा गेला, सगळ्यात खाली लष्कराचा हिरवा होता तोही गेला, आणि मग करडं, थंड लोखंड लागलं. त्याने नट आवळून बटण दाबलं.

चारही दिवे एकदम लागले. स्टँडच्या टोकाचा कडुनिंब पानापानासकट दिसायला लागला. लोकांनी डोळ्यांवर हात धरले. पाटलांच्या तोंडून नुसतं "अबबब!" निघालं.

"तो घासून राहिला होता तवा म्या गुपचूप लिंबू बांधलं बंपरले," चंद्रभान म्हणाला. "त्यानंच काम झालं." आणि पाटलांनी मान डोलावली. अर्धीच, पण डोलावली.

धर्मपालचं टाळकं सणकलं. आपली चूक त्याने चारचौघांत कबूल केली होती, आणि यश मात्र लिंबाच्या पदरात पडत होतं. तो वाकला आणि त्याने नट सैल केला. सगळा रस्ता काळोखात गेला.

"लिंबू हाय ना जाग्यावर?" त्याने विचारलं. "हाय. मिरच्या बी हायेत. मंग उजेड कुठं गेला, चंद्रभान भाऊ?"

लोक खदखदून हसले. या वेळी ते धर्मपालला हसत नव्हते. पाटील घाईघाईने पुढे आले. "झालं रे बाप्पा, समजलं. आन पाना इकडं, मीच कसतो तो नट."

धर्मपालने पाना मागे घेतला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण स्टँडवर शेवटच्या माणसापर्यंत तो गेला. "नाई पाटील. तुमी कसला तं उद्या लोक म्हनतीन, पाटलाच्या हातानं दिवे लागले. लागले नाई तवा हात माहा होता. आता लागतीन तवाबी माहाच राहीन."

पाटलांनी पुढे केलेला हात खाली घेतला. "कस बाप्पा, मिस्तरी," ते म्हणाले. "लिलाव चुकवशीन मले."

त्याने नट आवळला आणि दिवे लागले. चंद्रभानने गाडी चालू केली. धर्मपाल तिच्या पुढेच, चारही दिव्यांच्या भर उजेडात उभा होता. चंद्रभानने बाजूला होण्यासाठी हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. धर्मपालने खांद्यावरचं फडकं घेतलं, एकेक बोट सावकाश पुसलं, दहाही बोटं पुसून झाल्यावर फडकं झटकलं, आणि मग तो बाजूला झाला.